लोकरीचा बटाटा

केकवाल्या बाईंनी दातांत लोकर धरून क्रोशे करायचा प्रयत्न केला, तो दिवस डायलिसिसच्या हॉलमध्ये बराच गाजला. डावा हात मशीनला जोडलेला. त्यात दोन जाड सुया, वर चिकटपट्ट्या, आणि कोपर जरा वाकलं की मशीन कोकलायला लागायचं. उरला उजवा. उजव्या हातात क्रोशाची सुई धरता येते, पण लोकर ताणून कुणी धरायची आणि विणलेला भाग कुणी सांभाळायचा? म्हणून बाईंनी लोकर दातांत पकडली, गुंडा हनुवटीखाली दाबला आणि दोनचार साखळ्या कशाबशा ओढल्या. तेवढ्यात लोकरीचा तंतू जिभेला चिकटला आणि त्यांना खोकल्याची उबळ आली.

शेजारच्या खुर्चीतून खणखणीत आवाज आला, "बाई, विणताय की खाताय? खात असाल तर आधी सिस्टरना विचारा, लोकरीत पोटॅशियम किती असतं ते."

हे पोहण्याचे मास्तर. जन्मभर तरणतलावाच्या काठावर उभं राहून पोरांना पाण्यात ढकललेला माणूस. आवाज अजून तसाच होता, पाण्यावरून पलीकडच्या काठाला पोचेल असा. शरीर मात्र हँगरला लावलेल्या कोटासारखं झालं होतं. त्यांच्या डाव्या हाताच्या नसा आधीच कामातून गेल्या होत्या, त्यामुळे आता सुया उजव्या हातात टोचायच्या.

बाई चिडल्याच. त्या स्वभावानं चिडक्या नव्हत्या, पण आजारपणानं माणसाच्या अंगातला मऊपणा आधी जातो. बेकरीत केकवर आयसिंगची नक्षी काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. नाताळ आला की त्यांच्या हाताला उसंत नसायची. केकवर झोपलेले म्हातारबाबा, शिंकणारी हरणं, वितळायच्या भीतीनं छत्री धरलेला बर्फाचा माणूस, असली गंमत त्यांना सुचायची आणि लोक मुद्दाम त्यांच्याच हातचा केक मागायला यायचे. मूत्रपिंडं गेली तशी बेकरी सुटली. घरी त्या आणि त्यांची धाकटी जाऊ, दोघी विधवा, दोन खोल्यांत राहायच्या. आठवड्यातून तीनदा इथे यायचं, चार तास छताकडे बघायचं, आणि पिळून काढलेल्या फडक्यासारखं होऊन घरी जायचं. एवढंच उरलं होतं.

"हसा," बाई म्हणाल्या. "तुम्हाला काय जातंय!"

मास्तरांनी आपला मोकळा डावा हात दोन खुर्च्यांच्या मधल्या जागेत पुढे केला. "माझा हा हात इथे नुसताच पडून असतो. चालत असेल तर वापरा."

आणि तो चालला. बाईंचा उजवा आणि मास्तरांचा डावा, दोन्ही मधल्या बाजूला येत होते. मोठ्या सिस्टरनी कपाळाला हात लावला, पण खुर्च्या जवळ सरकवून दिल्या. बाईंनी मास्तरांच्या तर्जनीवर लोकर गुंडाळून दाखवली, अंगठ्यानं विणकाम कुठे चिमटायचं ते सांगितलं. पहिले काही दिवस मास्तर लोकर अशी आवळायचे की सुई आत शिरायची नाही.

"सोडा हो जरा, कुणी बुडत नाहीये."

"सवय आहे. धरलं की सोडायचं नाही, हेच शिकवलं जन्मभर."

"आता आखूड टाके, मुके खांब घालायचेत."

"मुका कुणाला?" मास्तरांनी इतक्या निरागसपणे विचारलं की पलीकडचे बँकवाले पोट धरून हसले आणि त्यांच्या मशीननं बोंब ठोकली.

खरं तर बाईंना चष्म्याची साधी पिशवी करायची होती. पण एका हाताचा ताण दुसऱ्या हाताला कळेना, त्यामुळे ती एका बाजूला वाकत वाकत गेली. मास्तरांनी ती उचलून धरली. "बाई, हे तर केळं!" केळं म्हणजे इथल्या सगळ्यांचं हरवलेलं सुख. केळं बंद, बटाटा बंद, टोमॅटो बंद, पाणी मोजून. बाईंनी घरी जाऊन त्या केळ्याला कापूस भरला, वैतागलेले डोळे काढले आणि दोन्ही बाजूंना काळ्या लोकरीच्या बेड्या घातल्या. पुढच्या खेपेला ते कैदी केळं खुर्चीखुर्चीवरून फिरलं. कुणी त्याचा मुका घेतला, कुणी सोलायचा प्रयत्न केला. त्या हॉलमध्ये एवढा हशा कधी झाला नव्हता.

मोठ्या सिस्टर दर नाताळला प्रत्येक मशीनच्या खांबाला एक लाल मोजा टांगायच्या आणि त्यात साबणाची वडी नि कंगवा घालायच्या. त्या म्हणाल्या, "यंदा मोज्यात तुमचंच काहीतरी घालू या का?"

"आमच्या नशिबी हेच," मास्तर म्हणाले. "पाणी मोजा, मीठ मोजा, आणि नाताळ आला की मोजा!"

असं ते काम अंगावर आलं. बंदी घातलेली प्रत्येक चीज लोकरीची करायची आणि एकेकाच्या मोज्यात टाकायची. कुलूप लावलेला पाण्याचा पेला, लाजणारा टोमॅटो, पळून चाललेली मिठाची बाटली, आणि डॉक्टरसाठी टोपी घालून घोरत पडलेलं मूत्रपिंड. रक्तदाबाचा पट्टा फुगला की दोघांपैकी एकाचा हात अडकायचा, मग काम थांबायचं. पट्टा सैल झाला की पुन्हा सुरू.

जाऊ एकदा म्हणाली, "जाऊबाई, घरी तुम्हाला दोन हात आहेत. इथे बसून चार दिवसांत सगळं होईल."

"घरी हसायला कोण आहे?" बाई म्हणाल्या, आणि जाऊचा चेहरा पडलेला बघून आणखी काहीतरी बोलायला हवं होतं, ते बोलल्या नाहीत.

बटाटा सुरू झाला तेव्हा मास्तरांची तब्येत उतरणीला लागली होती. मशीन चालू असताना त्यांचे पाय असे आखडायचे की दोन माणसांनी पोटऱ्या दाबून धराव्या लागायच्या. उजव्या हातातली नसही फुगून कडक झाली होती. एक सुई बसवायला सिस्टरना तीनतीनदा टोचावं लागायचं. मास्तर त्या वेळी छताकडे बघत कुठल्यातरी पोरावर ओरडल्यासारखं पुटपुटायचे, "पाय मार, पाय मार."

एक दिवस टाके घालता घालता ते म्हणाले, "बाई, हा बटाटा झाला की मी थांबणार."

"थांबा की. बोट दुखत असेल. टोमॅटो सावकाश घेऊ."

"तसं नाही. यायचंच थांबणार."

बाईंची सुई टाक्यात तशीच अडकून राहिली.

"हा हात संपला," मास्तर सांगू लागले, आवाज मुद्दाम खाली आणून. "आता मानेत नळी घालायची म्हणतात. ती बंद पडली की मांडीत. आणि एवढं सगळं करून काय, तर परवा पुन्हा इथेच. डॉक्टरांशी बोललोय. लेकीशी बोललो. ती दोन दिवस रडली, मग हो म्हणाली."

"आणि मी?" बाईंच्या तोंडून निघून गेलं. लगेच त्यांचे कान तापले. त्या कोण? ना नात्याच्या, ना गोत्याच्या. खुर्चीला खुर्ची लागलेली, एवढंच.

"तुम्हालाच तर सांगतोय."

"सगळं ठरवून मग सांगताय."

"हात माझाय, बाई."

"एक असेल तुमचा. दुसरा माझ्या कामाला लावलाय तुम्ही."

मास्तर हसले. बाई हसल्या नाहीत. त्या दिवशी उरलेला सगळा वेळ त्यांनी भिंतीवरच्या टीव्हीकडे तोंड करून काढला. टीव्हीवर कुणीतरी कसलीतरी भांडी विकत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी तो अर्धामुर्धा बटाटा पिशवीतून काढला, टोक शोधलं आणि लोकर ओढली. टाके सरसर सुटत गेले. ओळीमागून ओळ. जाऊ मटार सोलत बसली होती.

"अहो, चांगला झालाय की. उसवताय कशाला?"

"टाके चुकलेत."

"कुठे? मला तर दिसत नाहीत."

"चुकलेत म्हटलं ना!"

पुढच्या खेपेला मास्तरांनी बटाटा तळहातावर घेतला, उलटासुलटा केला. "बाई, हा आक्रसला का हो?"

"लोकर आक्रसते."

"धुतल्यावर. हा धुतला होता?"

बाई गुंड्यातलं टोक शोधायला लागल्या. मास्तरांनी त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं. मग तर्जनी वाकवून पुढे केली, लोकर घ्यायला.

हे असं चालू राहिलं. हॉलमध्ये बटाटा वाढायचा आणि घरी कमी व्हायचा. दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघंही त्याविषयी अवाक्षर काढत नव्हते. लोकरीच्या धाग्यानं माणूस बांधून ठेवता येत नाही हे न कळण्याइतक्या बाई खुळ्या नव्हत्या. त्या दर खेपेला बघत होत्या. सुई टोचताना मास्तरांचा खालचा ओठ दाताखाली जायचा. रक्तदाब उतरला की त्यांचा चेहरा कागदासारखा व्हायचा आणि सिस्टर धावत येऊन खुर्ची आडवी करायच्या. एकदा तर काम चालू असतानाच त्यांच्या बोटातली पकड सुटली, लोकर सैल पडली, आणि बाई वेड्यासारख्या "मास्तर, मास्तर" ओरडत राहिल्या. ते शुद्धीवर आले, घाम पुसून घेतला. आणि तरीही घरी गेल्यावर बाईंनी पिशवी उघडली आणि दोन ओळी उसवल्या. उसवताना त्यांना स्वतःची घृणा वाटली. थांबवलं मात्र नाही.

मग एक दिवस मास्तरांच्या लेकीनं त्यांना वजनकाट्यापाशी गाठलं. शाळेत शिकवणारी, तिशी ओलांडलेली, डोळ्यांखाली काळं आलेलं.

"काकू, दोन मिनिटं बोलू?"

"बोल ना."

"बाबा म्हणतात, बाईंचा बटाटा व्हायचाय, तोवर यायला हवं. मला आधी काही कळेना, कसला बटाटा. मग त्यांनी सांगितलं." ती थांबली. "खरं सांगू? सुरुवातीला मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, कुणीतरी अडवतंय त्यांना. मला जे जमलं नाही ते काकूंनी केलं. तुमच्या पाया पडावंसं वाटलं."

बाई काट्याच्या आकड्यांकडे बघत राहिल्या.

"पण परवा इथून घरी गेलो तर ते जिन्यातच बसले. वर चढवेना. मला म्हणाले, विचार गं बाईंना, अजून किती राहिलाय." लेकीनं डोळे पुसले नाहीत, नुसतीच उभी राहिली. "काकू, तो पुरा करा. मला म्हणायला लावू नका पुन्हा."

बाईंना काहीतरी लागट बोलावंसं वाटलं. बापाला मारायची घाई झालीय का तुला, असं काहीतरी. ते ओठापर्यंत आलं होतं. पण लेकीच्या हातात मास्तरांचा गरम कोट होता. थंडीत बाहेर पडताना पटकन घालता यावा म्हणून तिनं तो छातीशी धरून ऊब आणून ठेवला होता. ते बघून बाईंनी मान डोलावली.

त्या दिवशी त्या विणत राहिल्या. टाके कमी करत करत बटाट्याचं तोंड लहान होत गेलं. सिस्टरनी कापूस आणून दिला, तो मास्तरांनी बोटानं आत दाबला. बटाट्याला मिशी बाईंनी एकाच हातानं टाचली, ती वाकडी बसली.

"उसवा नि नीट लावा," मास्तर म्हणाले.

"नको," बाई म्हणाल्या. "आता उसवायला सांगू नका."

सिस्टरनी कात्रीनं धागा कापला. मास्तरांच्या तर्जनीवर लोकरीचा वळ उठला होता. त्यांनी बोट सरळ केलं, पुन्हा वाकवलं, आणि हात स्वतःच्या पोटावर नेऊन ठेवला. मधली जागा रिकामी झाली.

निघताना ते खुर्चीपाशी उभे राहिले, लेकीच्या खांद्यावर भार टाकून. म्हणाले, "जातो, बाई."

जातो असं कुणी म्हणत नाही. माणसं येतो म्हणतात, कायमची चालली असली तरी. बाई वाट बघत राहिल्या, मास्तर शब्द बदलतील म्हणून. त्यांनी तो बदलला नाही.

चार दिवसांनी बाई जाऊला घेऊन त्यांच्या घरी गेल्या. मास्तर खिडकीपाशी उशांना टेकून बसले होते. अंगावर सूज होती, पण चेहरा मोकळा वाटत होता. शेजारी पाण्याचा जग.

"बघा हं," म्हणाले, आणि काठोकाठ पेला भरून ते घटाघट प्यायले. शेवटचा थेंबसुद्धा सोडला नाही. बाईंच्या घशाला कोरड पडली. गेली कित्येक वर्षं त्यांनी पाण्याचा पूर्ण पेला तोंडाला लावला नव्हता. त्यांना त्या माणसाचा हेवा वाटला, इतका की मान वळवावी लागली.

पाणी पिऊन मास्तरांना धाप लागली. ती उतरायला बराच वेळ गेला.

"कसं वाटतंय?" बाईंनी विचारलं.

"सुट्टी लागल्यासारखं. उद्या सुट्टी, परवा सुट्टी." थोड्या वेळानं म्हणाले, "भीती वाटते पण. खोटं कशाला बोलू? दुपारी घर शांत असतं ना, तेव्हा जास्त."

बाईंनी खूप वेळ धीर गोळा केला. "मी तुम्हाला उगाच ताणलं, मास्तर. इतके दिवस."

"ताण बरोबर होता," मास्तर म्हणाले. "मलाच धरता आलं नाही."

आणखीही ते काही सांगणार होते, पण सांगता सांगताच त्यांचा डोळा लागला. लेकीनं चहा विचारला. बाईंनी नको म्हटलं, कारण दिवसाचं पाणी सकाळीच संपलं होतं.

नाताळच्या आठवडाभर आधी लेकीचा फोन आला. तो जाऊनं घेतला. नेमकी त्याच दिवशी बाईंची डायलिसिसची पाळी होती, ती चुकवता येत नव्हती. मास्तरांना स्मशानात नेलं तेव्हा बाई आपल्या खुर्चीत होत्या. मशीन त्यांचं रक्त बाहेर काढत होतं आणि परत आत घालत होतं.

उरलेल्या वस्तू त्यांनी घरी बसून, दोन्ही हातांनी पुऱ्या केल्या. पेला झाला, टोमॅटो झाला, घोरणारं मूत्रपिंड झालं. टाके एकसारखे, दुकानातून आणल्यासारखे. एकही वस्तू वाकडी झाली नाही. जाऊ म्हणाली, "किती सुबक!" बाईंना त्या बघवेनात, म्हणून त्यांनी त्या लगेच सिस्टरकडे देऊन टाकल्या.

नाताळच्या दिवशी मोजे उघडले गेले. बँकवाल्यांना मिशीवाला बटाटा मिळाला. तो त्यांनी डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "आज रात्री भाजी!" सगळा हॉल हसला. डॉक्टरांनी घोरणारं मूत्रपिंड कोटाच्या खिशाला लावून मिरवलं. कुणीतरी विचारलं, "मास्तर असते तर काय म्हणाले असते?" आणि दोघातिघांनी बाईंच्या शेजारच्या खुर्चीकडे बघितलं. मग सगळे पुन्हा हसले. चुकलं कुणाचंच नव्हतं. हसवण्यासाठीच तर सगळं केलं होतं. बाईंनी स्वतःच्या आत शोधून बघितलं, रडू येतंय का, बरं वाटतंय का. काहीच सापडलं नाही. नुसती तहान लागली होती.

मोठ्या सिस्टर त्यांच्या मोज्यात डोकावून ओशाळल्या. "अहो बाई, तुमच्यासाठी काहीच नाही की हो. माझ्या लक्षातच आलं नाही."

"साबण आहे ना," बाई म्हणाल्या.

शेजारच्या खुर्चीत नवीन गृहस्थ आले होते. पहिलाच महिना, अजून घाबरलेले. कुणीतरी त्यांना सगळी हकिगत सांगितली असावी, कारण ते भिडस्तपणे म्हणाले, "ताई, काही धरायचं असेल तर सांगा हं." पण त्यांच्या सुया डाव्या हातात होत्या. बाईंच्या बाजूला त्यांचा जखडलेला हात होता, रक्ताच्या नळ्यांसकट. मोकळा हात पलीकडे, भिंतीकडे. बाईंनी "बरं" म्हटलं आणि डोळे मिटून घेतले.

दोन दिवसांनी पुन्हा पाळी आली. सकाळी बाई पलंगावर बसून होत्या. चपला पायात, शाल अंगावर, पण उठत नव्हत्या. जाऊ डबा भरता भरता काहीबाही बोलत होती. शेजारणीचं, भाजीच्या गाड्याचं, नळाच्या वॉशरचं.

"मीपण थांबले तर?" बाई म्हणाल्या.

जाऊचं बोलणं तुटलं. ती स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहिली. हातात डब्याचं झाकण.

"'थांबा' म्हणायला हवं मी," ती म्हणाली. "तुमचे हाल मलाच दिसतात. पण नाही म्हणवत. मी स्वार्थी आहे, जाऊबाई."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. इतकी वर्षं एका घरात काढली, आणि ही बाई एवढी वाळलीय हे त्यांना आज दिसत होतं. तिच्यासाठी तरी जगावं असं काही त्यांच्या मनात आलं नाही. तसं आलं असतं तर किती बरं झालं असतं. मनात आलं ते इतकंच, की आपण जायला नाही म्हटलं तर हिला समजावत बसावं लागेल, आणि तेवढी ताकद आज अंगात नाही.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. जाऊनं डब्याला झाकण लावलं. बाई भिंतीला धरून उठल्या.